कालचं सूत्र

गोंदियाच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. परीक्षेला माझी ड्यूटी लागली की पोरं चिठ्ठ्या आधीच खिडकीबाहेर टाकून द्यायची, असा माझा लौकिक होता. कॉपी करणाऱ्याला मी बाकावर उभं करायचे आणि वरून असं काही सुनवायचे की त्याला बाकच बरा वाटायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते माझ्याच कॉपीबद्दल आहे. ती मी कितीतरी वर्षं केली, रोज सकाळी, चहा पिता पिता. आणि ज्याला फसवलं तो माझा सख्खा मोठा भाऊ.

आमच्या पेपरात शेवटून दुसऱ्या पानावर शब्दकोडं येतं. आडवे शब्द, उभे शब्द, ते सगळीकडेच असतात. पण या कोड्याच्या खाली एक रिकामी ओळ असते, ‘आजचे सूत्र’. कोड्यातल्या उत्तरांपैकी पाच उत्तरं एका धाग्यातली असतात. ती पाच कोणती हे सांगत नाहीत आणि तो धागा कोणता हेही सांगत नाहीत. चौकटी भरून झाल्या की तुम्ही ते हुडकून काढायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोपऱ्यात बारीक अक्षरात, उलटं छापून, कालचं उत्तर आणि कालचं सूत्र येतं.

चौकटी मी भराभर भरते. समानार्थी शब्द, म्हणी, नद्या, दागिने, यात माझा हात कोणी धरत नाही. सूत्र मात्र मला येत नाही. दहा दिवसांत एखादं आलं तर आलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

दादा गावात शेती करायचा. आमचं गाव कोहमाऱ्याच्या चौकातून आत, जंगलाच्या कडेला. पेपरची गाडी कोहमाऱ्याला आठनंतर येते. गावातला दूधवाला त्याच्या आधीच धाब्यांवर दूध घालून परत फिरलेला असतो. म्हणून चहाटपरीवाला आदल्या दिवशीचा एक पेपर दादासाठी बाजूला ठेवायचा आणि दूधवाला तो दुसऱ्या दिवशी रिकाम्या कॅनमागे खोचून आणायचा. म्हणजे मंगळवारी सकाळी दादाच्या हातात सोमवारचा पेपर. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचा, बातमी शिळी होते, कोडं थोडंच शिळं होते.

तो नववीपर्यंत शिकला. मी तेव्हा सातवीत होते आणि सातवीनंतरची शाळा दूरच्या गावात होती. घरात सायकल एक, आणि बाबांना धानाच्या बांधीत हाताखाली एक माणूस हवंच होतं. दोघांपैकी कोण शिकणार हा प्रश्न बाबांनी जेवताना काढला. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मुलगा शिकेल. दादाच म्हणाला, तिलेच जाऊ द्या, तिचं डोकं चालते. दुसऱ्या दिवशी त्यानं सायकलची सीट माझ्या उंचीला खाली केली आणि स्वतः धानाच्या रोवण्याला, रोपं लावायला गेला. त्यावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पुढे मी नोकरीला लागले, तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की मी म्हटलं होतं ना.

गावाजवळ मोबाइलचा टॉवर आला तेव्हा आमचे दोघांचेही केस पिकायला लागले होते. एका दुपारी त्याचा फोन आला. तो सोमवारचं कोडं मंगळवारी सोडवून बसला होता. मला ते सूत्र आदल्या दिवशी आलंच नव्हतं. कंगवा, करवत, विळा, किल्ली, खवणी एवढ्यावर मी तासभर डोकं फोडलं होतं. लोखंडाच्या वस्तू म्हणावं तर कंगवा आडवा येत होता. सकाळी नवा पेपर आला, तो उलटा धरला आणि उत्तर वाचलं. दात. या सगळ्यांना दात असतात. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला होता.

आणि दादा विचारत होता, सूत्र कोणतं आलं तुले? मी म्हणाले, दात.

तो इतका हसला की फोन कानापासून दूर धरावा लागला. त्यालाही तेच आलं होतं. इळा दिसला का समजून गेलो, म्हणाला. मग थांबून म्हणाला, “तुले शिकवलं ते बरं केलं का नाही आम्ही?”

या एका वाक्यानं माझा घात केला. त्याच क्षणी सांगायला हवं होतं की बाबा रे, मी उत्तर पाहिलं. नाही सांगितलं. मला मोठेपणा गोड लागला, हे खरं. पण भीतीही वाटली, हेही खरं. मला जर एवढंही येत नसेल, तर त्यानं शाळा कशासाठी सोडली?

तेव्हापासून रोज दुपारी जेवणानंतर त्याचा फोन यायचा. सुरुवातीलाच त्यानं एकदा म्हटलं होतं, तुझ्याजवळ तं उत्तर येऊन जात असन, पाहू नको मंग. मी म्हटलं, नाही पाहत. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. रोज मी सकाळी पेपर उलटा धरायचे, सूत्र पाठ करायचे आणि दुपारी थोडं अडखळत, विचार करून सांगतेय असं दाखवत, सांगायचे. आयत्या पिठावर रेघोट्या. दहापैकी आठ वेळा त्याचंही सूत्र बरोबर यायचं, कोणाच्याही मदतीशिवाय, गोठ्यासमोरच्या खाटेवर बसून, नववी शिकलेल्या माणसाचं. आणि कौतुक व्हायचं माझं. तो म्हणायचा, मले तं अर्धा दिवस लागते, तुले लगेच सुचते. मी ते ऐकून घ्यायचे.

सर्वांत जास्त टोचतं ते एका उन्हाळ्यातलं. माठ, वाळा, पन्हं, पंखा, सावली. दादा म्हणाला, गारवा. माझ्यासमोर छापील उत्तर होतं, उन्हाळा. मी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं की चूक, उन्हाळा आहे. तो म्हणाला, तू म्हणतं तं तेच असन, मले गारवा वाटला होता. फोन ठेवल्यावर मी कोड्याकडे पाहिलं. या पाचही गोष्टी गारवा देतात, ऊन कोणीच देत नाही. त्याचं सूत्र छापलेल्यापेक्षा सरस होतं. वर्गातल्या एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. दादाला मी फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी नवं कोडं होतं आणि त्यात ते राहूनच गेलं.

मागच्या दिवाळीआधी तो आजारी पडला. पोट दुखतं म्हणून महिनाभर काढे पीत बसला होता, शेवटी वहिनीनं हट्टानं गोंदियाला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की फार दिवस नाहीत, त्रास कमी करण्यापलीकडे काही करता येणार नाही. मी आणि वहिनीनं ठरवलं की त्याला सांगायचं नाही. काही दिवस गोळ्या सुरू राहतील, तोवर दोघांनी माझ्याकडेच राहायचं, असं त्याला सांगितलं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला पेपर दारात पडला. दादानं तारीख पाहिली आणि एकदम खुलला. आज तं आजचाच पेपर हाय, म्हणाला. त्यानं मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. चष्मा पुसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकच कोडं एकाच वेळी, एकाच पलंगावर बसून सोडवणार होतो. आणि त्याचं उत्तर उद्याच्या पेपरात होतं.

चौकटी आम्ही मिळून भरल्या. मग तो म्हणाला, आता सूत्र, तू तुझं लिही, मी माझं. मी वही आणून बसले. जातं, शिंपला, चिमटा, तराजू, अडकित्ता ही पाच त्यातली होती, हे आता माहीत आहे. तेव्हा मला घरातल्या वस्तू यापलीकडे काही सुचेना, आणि घरात शिंपला कशाला असेल. दादानं तेवढ्यात कागदावर लिहून कागद उलटा ठेवला होता. तो वाट पाहत होता. शेवटी मी म्हटलं, नाही सुचत आज. त्यानं कागद उलटला. ‘दोन भाग लागतात.’ तो लहान पोरासारखा खूश झाला. वहिनीला म्हणाला, मास्तरणीले हरवलं पहा.

दुसऱ्या दिवशीही मला आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी काहीतरी ठोकून दिलं, ते चुकलं. आता तो हसत नव्हता. कागदावर लिहिलेलं त्यानं मला दाखवलंही नाही. चौथ्या दिवशी पेपर तसाच मांडीवर घेऊन बसला. वहिनी अंघोळीला गेली होती. मी त्याच्या गोळ्या काढत होते.

“काऊन हारून राहिली तू?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नाही सुचत तर काय करू.

“डॉक्टरनं तुले काही सांगतलं का?”

रोज जिंकणारी बहीण तीन दिवस हरते आहे, म्हणजे ती मुद्दाम हरते आहे, म्हणजे आपलं काही खरं नाही, एवढं साधं सूत्र त्यानं काढलं होतं. सूत्र बरोबर होतं. फक्त त्यातली पहिलीच पायरी खोटी होती आणि ती मी बांधली होती.

मग मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, “दादा, मले सूत्र कधीच येत नव्हतं. मी रोज नव्या पेपरात पाहून सांगत होती. पहिल्या दिवसापासून. हुशार तू होता. शिकायले तू पाहिजे होता.”

त्याला राग यावा, त्यानं चार शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “तुले खोटं बोलता येत नाही बाई. लहानपणापासून येत नाही.”

मी शपथ घेतली. बाबांची घेतली, त्याचीही घेतली. तो मान हलवत राहिला, रडणाऱ्या पोराला समजावतात तसा. मी म्हटलं, उद्याचं कोडं घे, परवाचं घे, मला येतं का पहा. तो म्हणाला, तू मुद्दाम हारशीन. हुशारी दाखवून देता येते, नसलेली हुशारी कशी दाखवून द्यायची? जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगत आले आणि स्वतः खरं बोलायला गेले, तर ते माझ्या तोंडून खरं वाटेना.

त्या दिवशी दुपारी त्यानं वहिनीला सांगितलं, गावाले चाल, धान कापनीले आलं आहे. कापणीला अजून वेळ होता. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या गोळ्या बांधून दिल्या. जाताना तो पेपर घडी करून पिशवीत घालून घेऊन गेला.

गावात तो पुढे पाच आठवडे होता. मी दर रविवारी जायचे. कोड्याचा विषय त्यानं काढला नाही आणि मी काढला तर तो धानाचं बोलायचा. शुद्ध हरपण्याआधी एकदा मात्र म्हणाला, तुह्या जिवाले लय त्रास झाला असन ना, हारायचा. मी उठून बाहेर गेले.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. पंगती आटोपल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. तिला अक्षरओळख नाही. कोडं म्हणजे काय हे तिला नीट ठाऊक नव्हतं, पण दुपारचा फोन ठाऊक होता. तिनं सांगितलं की फोन ठेवला की दादा रोज एकच गोष्ट बोलायचा. मी शाळा सोडली ते वाया नाही गेलं म्हणायचा, मी शिकलो असतो तं एवढं जमलं नसतं.

मग तिनं मला विचारलं, “खरंच तसं होतं का, बाई?”

तिच्याकडे आता तेवढंच एक उरलं होतं. दादासारखा हिशेब ती करणारी नव्हती, मी सांगेन ते ती धरून चालणार होती. मला खरं सांगायची ही शेवटची वेळ होती आणि ते मला कळत होतं.

मी हो म्हणाले. तिनं लगेच विश्वास ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि पाहुण्यांना चहा द्यायला उठली.