वाढलेलं घर

सत्यवतीच्या तोंडाला मालवणचा बाजार भीत असे. तिच्या पाटीतल्या बांगड्याचे कल्ले उचलून कोणी नाक मुरडले, तर ती त्याच्या आज्यापणज्याचा उद्धार करूनच त्याला सोडी. पण त्याच तोंडातून अशुभ शब्द कधी निघाला नाही. दिवा विझला असे ती म्हणत नसे, दिवा वाढला म्हणे. हातातली बांगडी पिचली तर बांगडी वाढली. मडक्यातले तांदूळ सरले तर तांदूळ वाढले. ज्या घरचा माणूस होडी घेऊन पाण्यावर जातो, त्या घरच्या बाईने विझणे, फुटणे, सरणे हे शब्द उंबऱ्याच्या आत आणू नयेत, समुद्राला ऐकू येते, असे सासूने तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. आणि ‘पडला’ हा तर सगळ्यांत जड शब्द. घर पडले असे त्यांच्या वाडीत म्हणत ते ज्या घरात दिवा लावायला कोणी उरले नाही, त्या घराला.

तिच्या घराच्या भिंती सासऱ्याने घातल्या होत्या, तांबड्या चिऱ्याच्या. वर झावळ्या असत. कौले घातली ती सत्यवतीने. मासळी विकून पाटी रिकामी झाली की ती मालवणच्या बंदरावर जाई, गलबतातून उतरलेली मंगळुरी कौले पाटीत घेई, कधी चार, कधी सहा, आणि दोन कोस चालत घरी येई. अकरा वर्षांनी छप्पर पुरे झाले. तिचा घोव गुणाजी शांत माणूस, वल्ह्यासारखा लांब आणि कमी बोलणारा. तो म्हणे, “पावस इलो काय आमच्या घरात बांगड्याचो वास येता. वाडीतली सगळी मांजरा छपरार.”

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील. वैशाख सरत आला होता. तीन दिवस समुद्र तेलासारखा जड होऊन पडला होता. चौथ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि दुपारपर्यंत त्याने वाडीत उभे असे फारसे काही ठेवले नाही. सुपातले पोहे पाखडावेत तशी कौले उडाली. मागच्या कुंपणातला माड आढ्यावर आडवा झाला. वारा थांबल्यावर शेजारच्या बायका आल्या, तेव्हा सत्यवती अंगणात उभी होती. हातात एका कौलाचा तुकडा.

“घर वाढला गो माझा,” ती म्हणाली.

बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यांना अर्थ विचारावा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी धोंडू कोतवाल दवंडी देत आला. ज्यांची घरे पडली त्यांना सरकार पावसाआधी कौले आणि लाकूड देणार. मात्र साहेब येऊन पंचनामा करीपर्यंत कोणी काही हलवायचे नाही. सत्यवतीने माड होता तसा आढ्यावर राहू दिला. दहा दिवसांत पाऊस आला. साहेब आला नाही. शेवटी गुणाजीने होडीचे शीड सोडले आणि चुलीच्या बाजूला दोन भिंतींवर ताणून बांधले. त्या शिडाखाली आठ हात जमीन कोरडी राहिली. साहेब आला तो अठ्ठाविसाव्या दिवशी.

येणार हे आदल्या दिवशी कळले. सकाळी गुणाजी जवळच्या पाण्यात पागाचे जाळे टाकायला गेला आणि सत्यवतीने ती आठ हात जमीन सारवायला घेतली. शेजारचा बाबली कुंपणावर येऊन उभा राहिला. त्याच्या घराची वीसच कौले गेली होती. पण दोन वर्षांमागे कोसळलेल्या गोठ्यात त्याने चूल मांडली होती, मोडकी खाट टाकली होती आणि म्हाताऱ्या आईला तिथे नेऊन बसवले होते.

“सत्याबाय, सारवतंस कित्याक? साहेब येता, व्हराड नाय.”

“साहेब असो नायतर चोर असो. माझ्या घराक इलेलो माणूस चिखलात बसूचो नाय.”

“बरा बाय. मगे निदान रड. आणि सरळ सांग, घर पडला म्हणान.”

“बाबली, माझो घोव पाण्यार आसा. जीभ आवर, नायतर ह्या शेणाच्या हातान आवरीन.”

साहेब म्हणजे सर्कल, तलाठ्यांवरचा अधिकारी. घाटावरचा माणूस, कोकणातला त्याचा पहिलाच पाऊस. बुटांत चिखल, चष्म्यावर पाणी, आणि त्या दिवसातले हे एकतिसावे घर. गावचा तलाठी बरोबर असता तर बरे झाले असते. पण तो बाबलीच्या घरी चहाला अडकला होता. सत्यवतीने साहेबाला पाय धुवायला पाणी दिले, शिडाखाली चटई घातली, कोकमाचे सरबत पुढे केले. छत्रीखाली मान खाली घालूनच आलेला साहेब मांडी घालून बसला. कितीतरी वेळाने त्याला कोरडी जागा मिळाली होती. त्याने मान वर केली असती तर शिडाच्या कडेने आभाळ दिसले असते.

“बाई, घराचं काय झालं?”

सत्यवतीने बाजारात ऐकलेली कचेरीची भाषा गोळा केली. “साहेब, आमचं घर वाढलं.”

“वाढलं?”

“होय. सगळं वाढलं.”

“कधी?”

“आताच. वैशाखात.”

साहेबाने लिहून घेतले. धोंडू कोतवाल छत्री धरून उभा होता. त्याला सारे समजले होते, आणि आपल्याला समजले ते साहेबालाही समजलेच असणार असे त्याला वाटले. सत्यवतीने अंगठा उठवला. निघताना साहेब म्हणाला, “घर फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही.” पुढे आषाढभर शिडातून पाणी ठिबकत होते आणि सत्यवती हे वाक्य आल्यागेल्याला सांगत होती.

गणपती गेल्यावर कौले आली. शाळेच्या आवारात थप्पी लागली. यादी वाचली गेली. बाबलीच्या गोठ्याला लाल छप्पर झाले, आईने परत घरात अंथरूण नेले आणि गाय मंगळुरी कौलांखाली उभी राहिली. यादीत सत्यवतीचे नाव नव्हते.

ती पाटी बाजूला ठेवून मालवणच्या कचेरीत गेली. चार खेपांनंतर श्रीपाद नावाच्या कारकुनाने तिचा कागद शोधून काढला. तो त्याच भागातला, तरुण होता. त्याने वाचले : “घरमालकिणीच्या सांगण्यावरून, घर वैशाख महिन्यात वाढविले आहे. जमीन नव्याने सारवलेली. वस्तीस योग्य. मदतीची आवश्यकता नाही.”

सत्यवतीने हातातल्या बांगड्या त्याच्यापुढे धरल्या. मग तिने विचारले, “बाबा, बांगडी वाढली म्हणजे काय ता तुका ठावक आसा मा?”

श्रीपादने मान खाली घातली. “माका कळता गो आक्का. पण कागदाक कळना नाय.”

एक वाट होती. मोठ्या साहेबासमोर नवा जबाब द्यायचा. घर पडले, असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे.

“उद्या येव काय?” सत्यवती म्हणाली. “आज घरचो माणूस बाहेर गेलो आसा.”

“उद्या साहेब रत्नागिरीक जातत. मगे महिनोभर गावूचे नाय.”

कचेरीच्या खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसत होती. सत्यवती तिकडे पाठ करून उभी राहिली. मोठा साहेब सही करीत होता. त्याने वर न बघता “बोला” म्हटले.

“पडलं,” ती म्हणाली.

“काय पडलं? नीट सांगा.”

“घर. माझं घर पडलं.”

श्रीपादने लिहिले. तिने अंगठा उठवला. मग ती सडकेने न जाता किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेली आणि वाडीच्या पुळणीवर बसली. कपाळावर हात धरून एकेक होडी ओळखीत बसली. गुणाजीची होडी सगळ्यांच्या मागून आली. तो उतरला, तेव्हा तिने त्याच्या देखत खाऱ्या पाण्याने तीन वेळा चूळ भरली आणि आपण काय बोलून आलो ते सांगितले.

गुणाजीने जाळे खांद्यावर घेतले. “खंयच्या भाषेत बोललंस?”

“कचेरीच्या.”

“मगे काय भियाचा नाय. समुद्राक ती समजना नाय.”

ती हसली. त्या साऱ्या वर्षात एकदाच.

उत्तर यायला पुढचा मिरग उजाडला. श्रीपादची तोवर बदली झाली होती. शाळेतल्या गुरुदास मास्तरांनी कागद वाचून दाखवला. अर्जदाराचा दुसरा जबाब पहिल्या जबाबाशी विसंगत असल्याने अर्ज नामंजूर. त्यालाच टाचलेला दुसरा कागद होता. घर वाढविल्याचे मालकिणीने कबूल केले असून वाढीव पडवीवर घरपट्टी लागू करण्यात येत आहे.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “पडवी? कोणती पडवी?”

“‘वाढला’ ह्यो शब्द मीच दिलंय तेंका,” सत्यवती म्हणाली. “आणखी काय सांगू?”

त्या दिवशी घरी तेल संपून वात गेली. सत्यवती अंधाऱ्या चुलीपुढे बसून म्हणाली, “दिवो विझलो.” गुणाजीने दचकून तिच्याकडे पाहिले. तिने पुन्हा काही म्हटले नाही. पण त्यानंतर त्या घरात बांगडी फुटली की फुटली, तांदूळ सरले की सरले. सासूचा शब्द तिने टाकून दिला. गुणाजी समुद्रावर जाताना आता स्वतःच काहीतरी पुटपुटत जाई.

छपरावर झावळ्या आल्या. दर वर्षी नव्या विणायच्या, दर वर्षी कुजायच्या. रिकाम्या पाटीत कौल घेऊन यायची ताकद मानेत उरली नव्हती.

फाल्गुनात तलाठी घरपट्टीला येई. सत्यवती त्याला आत बोलावीत नसे. अंगणात, सावली नसलेल्या उघड्या जागेत, भर उन्हात ती त्याच्यासाठी पाट मांडी.

“बसा भाऊ. पडवीत बसा.”

“सत्याबाय, हय ऊन आसा गो.”

“ऊन खंयचा? सरकारचा छप्पर आसा वर. तुमच्याच वहीत आसा. बगा.”

तलाठी बसे. ती कनवटीची गाठ सावकाश सोडी, नाणी एकेक करून त्याच्या पुढ्यात ठेवी आणि पावतीवर ‘पडवी’ हा शब्द कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावी. घाम त्याच्या कानामागून सदऱ्यात उतरे. एका वर्षी न राहवून तो म्हणाला, “गुळाचो खडो नको, निदान पाणी तरी दी.”

दारात पाण्याची घागर काठोकाठ भरलेली दिसत होती. सत्यवतीने तिच्यावर झाकण ठेवले.

“पाणी वाढला,” ती म्हणाली. “लिवून घेवा.”