शाहजादी मॅडमची गाडी आणि फय्याजचा उजवा पाय

मंगरूळपीरच्या फय्याज मिस्त्रीबद्दल दोन गोष्टी गावभर माहीत होत्या. एक म्हणजे, बिघडलेला गिअरबॉक्स तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. दुसरी, गाडी पळवताना त्याचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठायचा नाही. पहिल्या गुणावर दुकान चाललं होतं. दुसऱ्यापायी वर्षभरात दोन एक्सल मोडले होते, आणि तेही बायकोच्या गाडीचे.

बायको शाहजादी कारंज्याच्या शाळेत शिक्षिका. गाडी तिच्या पगारातून आलेली, तिच्याच नावावर. मार्चातल्या त्या रविवारी वाशीम रस्त्यालगतच्या मैदानात मोटारींची शर्यत होती, रीतसर परवानगीची. आणि सोमवारी दहावीचा पेपर. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं केंद्रावर पोचवायचं काम शाहजादीवर आलेलं, स्वतःच्या गाडीनं. आदेशात गाडीचा नंबरसुद्धा टाकलेला.

"एक्सल तुटला तर उद्या पाकिटं कायच्यावर नेऊ? तुमच्या खांद्यावर?"

"तुटत नाही वं. सारं नवं टाकलं."

हे मात्र खरं होतं. गाडी जोरात सुटताना पुढचं चाक जमीन पकडतं, घसरतं, पुन्हा पकडतं. असं ते टप्पे खाऊ लागलं की दर टप्प्याला एक्सलवर घण बसतो. म्हणून फय्याजनं इंजिन ज्यांवर बसतं ते फाटके रबरी फाउंडेशन बदलले, चाक धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश नवे ठोकले, पुढच्या टायरांची हवा जराशी उतरवली. शिवाय गाडी उडू नये म्हणून डिक्कीत सोयाबीनचे दोन कट्टे टाकले. कट्ट्यांवर त्याचा बुशपेक्षा जास्त भरवसा होता.

शर्यत भरवणारी मंडळी मूळची शंकरपटाची. बैलजोडीच्या जागी मोटार आली. झेंडी, घड्याळ आणि भोंगा तोच राहिला. एकेका गाडीनं दोनशे मीटर पळायचं, फेऱ्या दोन, त्यांतली चांगली वेळ धरायची, कमी वेळ लागेल तो जिंकला. झेंडीवर सेवालाल होता. चाळीस वर्षं पटात जोड्या हाकलेला माणूस. मोटारीकडेही तो आधी खूर बघावेत तसा खालून बघायचा.

झेंडी पडली. फय्याजनं इंजिन ताणून क्लच एका झटक्यात सोडला. धड, धड, धड! स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, आरसा हलून आभाळ दाखवू लागला. पाय काही उठला नाही. अर्ध्यावर डाव्या चाकातून 'खट्ट' असा आवाज आला.

"दहा सेकंद, नव्वद!" भोंगा ओरडला. सगळ्यात पुढे असलेल्या गाडीची वेळ होती दहा सेकंद, वीस.

फय्याज गाडीखाली शिरला. एक्सल शाबूत होता, तो चाकाला जोडणाऱ्या जॉइंटचं रबरही फाटलं नव्हतं. पण जॉइंटच्या आतल्या पोलादी गोळ्यांचं काय झालं, ते खोलल्याशिवाय कोण सांगणार? बाहेर आला तर समोर शाहजादी उभी.

तिच्याआधी सेवालाल बोलला. "मिस्त्री, बंडी उलार हाये ना तुयी!"

"बंडी?"

"मांगून भरली, पुढून हलकी. जू वर उचललं तर बैल ओढीन कसा? तुये बैल पुढं हायेत का मांगं?"

फय्याजचे कान तापले. त्याचा हात बसला होता तो जिपांवर. जिपेला मागची चाकं ढकलतात, तिथे मागे वजन हवंच. पण या गाडीला पुढची चाकं ओढतात, आणि तिचा पुढचा एक्सल त्यानंच दोनदा बसवला होता!

"अन् सुटतानी हिसका कायले देतं?" सेवालालची गाडी थांबत नव्हती. "आधी ओढ बसू दे, मंग हाकल."

कट्टे उतरले. फय्याजनं बायकोकडे पाहिलं. "नाही म्हणशीन तर घरी जाऊ."

"अन् मंग वर्षभर मलेच आयकवसान." तिनं हेल्मेट उचललं. "मी बसते पुढं. वजन पुढंच लागते म्हणे."

"वजन सांगू का भोंग्यावर?"

"सांगा. घरी यायचं हाये तुमाले."

दुसऱ्या वेळी त्यानं क्लच हळूच सोडला. ओढ बसल्याचं तळपायाला कळलं, मग पाय दाबला. गाडी सरळ निघाली, एक टप्पा नाही. लोक ओरडायला लागले. दुसरा गिअर पडला तेवढ्यात चाक मुरुमावर आलं.

धड.

शाहजादीची बोटं दाराच्या मुठीवर पांढरी पडली. शर्यत संपायची दोरी अजून ऐंशी मीटरवर, आणि पहिल्या गाडीची वेळ आता हाताच्या अंतरावर.

धड, धड.

फय्याजनं पाय उचलला.

इंजिन गप्प झालं, चाक शांत झालं. त्यानं श्वासभर थांबून पाय पुन्हा हळूहळू दाबला. "दहा सेकंद, पन्नास!" तिसरा नंबर.

बक्षिसाकडे न बघता त्यानं शाहजादीला स्टिअरिंगवर बसवलं. "पुरं वळवून गोल फिरव. सावकाश." जॉइंट गेला असेल तर वळणावर कटकट करतो. गाडी गोल फिरत होती आणि शेजारून फय्याज वाकून, चाकाला कान लावून पळत होता. भोंग्यावर कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री पायीच तिसरी फेरी करून राह्यले!"

डावीकडे वळताना काही नाही. आता उजवीकडे वळण, डाव्या जॉइंटवर खरा ताण तेव्हाच येतो. एक फेरा. दुसरा. टायरांखाली मुरुम चुरचुरला, बस्स.

"काही नाही!" तो धापा टाकत म्हणाला. "थांब, मी बसतो."

शाहजादीनं काच चार बोटं खाली केली. "पेपर होईपर्यंत किल्ली माझ्यापाशी. तुमी सेवालालभाऊंच्या फटफटीवर या."

गाडी मैदानाबाहेर पडली आणि मंगरूळच्या रस्त्याला लागली, चाळीसच्या चालीनं.