म्हातारीची दोन इंजिनं

आमच्या नणंदेने लग्न केलं नाही, पण सासू मात्र मिळवली. पन्नास खुर्च्यांचं एक जुनं जेट विमान. विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या हँगरमध्ये ती मेकॅनिक. तिथले सगळे त्या विमानाला म्हातारी म्हणायचे, आणि त्या म्हातारीची दुखणीखुपणी आमच्या नणंदेच्या गळ्यात. जेवायला बसली की नखांत काळं तेल आणि तोंडात म्हातारी. आज म्हातारीचं दार नीट लागत नव्हतं, आज म्हातारीचा टायर बदलला. मी वैतागून म्हणायचे, "अहो वन्सं, कधीतरी माणसांबद्दलही बोला!" घरात तिला वन्सं मी एकटीच म्हणते, तेही चिडवायला. ती हसायची आणि पुन्हा म्हातारीवर यायची.

एकदा ती डबा घरीच विसरली, म्हणून मी तो घेऊन विमानतळावर गेले. तिने फाटकावर माझ्या नावाची नोंद केली आणि मला आत नेलं. त्या दिवशी म्हातारीच्या शेपटाजवळच्या एका इंजिनाचं झाकण उघडं होतं. मला वाटलं होतं आत धूर, काजळी, घाण असेल. आत पात्यांची वर्तुळं होती, एकामागे एक, आत आत जाताना लहान होत गेलेली आणि लख्ख. नणंद शिडीवर उभी राहून एकेका पात्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. बारीकशी कपची उडाली असली तरी डोळ्याआधी बोटाला कळते, असं तिने सांगितलं. ते इंजिन आमच्या स्वयंपाकघरात सहज मावलं असतं. असली दोन इंजिनं पन्नास माणसांना, त्यांच्या पेट्यांसकट, ढगांच्या वर नेऊन ठेवतात! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं मी तिच्या नखांतल्या तेलाला नावं ठेवत होते.

आमच्या गावाला म्हातारीशिवाय दुसरं विमान नव्हतं. नाहीतर बस, आणि बसने पोहोचेपर्यंत हाडं खिळखिळी. पण विमान कंपनीला म्हातारी नकोशी झाली होती. का, ते नणंदेनेच एकदा भाजी निवडता निवडता समजावलं.

"वहिनी, खुर्च्या पन्नास असोत नाहीतर दीडशे, वैमानिक दोनच लागतात. उतरायचं भाडं, तपासणी, इंधन, सगळा खर्च पन्नास जणांत वाटायचा. म्हणून तिकीट महाग. तिकीट महाग म्हणून लोक बसने जातात."

"मग मोठं विमान आणा की."

"इथे ते अर्धंसुद्धा भरणार नाही. आणि एवढं लहान आता कुणी बनवतच नाही."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. माझे यजमान, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणाले, "मग ही आहे तीच टिकवा." नणंदेनेही तेच मनाशी धरलं होतं. कंपनी लहान विमानांची एकेक करून तपासणी करणार होती. ज्यांची इंजिनं थकली असतील ती मोडीत जातील, अशी हँगरमध्ये कुजबूज होती. नणंदेने पदर खोचला. इंजिनं आतून धुतली, सील बदलली, रविवारीही गेली. तिचा चेहरा उतरला, पण म्हातारीचा उजळला.

तपासनीस आला. लांब नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा आत सरकवून त्याने दोन्ही इंजिनं बघितली, आणि पहिल्यापासून पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाला, "बाई, इतकं जुनं इंजिन इतकं निरोगी मी पाहिलेलं नाही." त्या संध्याकाळी ती नाचतच घरी आली. यजमानांनी शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं की गावाचं विमान वाचलं.

पंधरवड्याने निरोप आला. म्हातारी मोडायची. तिची इंजिनं इतकी चांगली होती की मोठ्या शहरात इंजिनांअभावी खोळंबलेल्या विमानांना तीच हवी होती. नवी मिळत नव्हती, जुन्यांची दुरुस्ती महाग. म्हातारी उडण्यापेक्षा सुटी झाल्यावर जास्त मोलाची ठरली होती. हँगरमधली कुजबूज उलटी ठरली: इंजिनं जेमतेम उडण्यापुरतीच बरी निघाली असती, तर काढून न्यायला कुणी आलं नसतं. तिला निदान आणखी काही महिने तरी इथेच उडू दिलं असतं.

यजमान भडकले. "राब राब राबलीस, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!" इंजिनं उतरवायचं काम मात्र नणंदेने स्वतःकडे मागून घेतलं.

त्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेले, या वेळी मुद्दाम. दुसरं इंजिन साखळ्यांवर लटकत हळूहळू खाली येत होतं. ते गाड्यावर टेकलं, आणि शेपटाचा भार गेल्याने म्हातारीचं नाक थोडं खाली झुकलं. कुणी तिला हात लावला नव्हता. एवढं मोठं धूड इतक्या हळुवारपणे मान खाली घालतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडू आवरेना.

नणंद शिडीवरच होती. इंजिनापासून सोडवलेल्या, म्हातारीच्या अंगावरच राहिलेल्या नळ्यांच्या उघड्या तोंडांवर ती टोपणं बसवत होती. आत धूळ जाऊ नये म्हणून, एकेक, दाबून.

"अहो वन्सं, ही तर आता भंगारात जाणार. कशाला?"

"उघडं ठेवत नाहीत, वहिनी."

मग मला राहवलं नाही. इतके दिवस ओठांवर आलेलं विचारून टाकलं. "तुम्ही इतकं जीव तोडून केलं नसतं, तर ही वाचली असती. आधी माहीत असतं, तर थोडा हात आखडता घेतला असता का हो?"

तिने हातातलं टोपण बसवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती. मी असं काही विचारू शकते, याचंच तिला नवल वाटलेलं दिसत होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "त्यात माणसं बसायची."