रावस म्हणजे सॅमन

गनी परकार हा सरळ माणूस आहे, आणि सरळ माणसाचा अर्ज माझ्यासारख्या शहाण्यानं भरू नये. मी साताऱ्याचा, जन्माचा शाकाहारी. बांगडा कुठला आणि पापलेट कुठलं, हे विचारलंत तरी मला घाम फुटतो. तरीही गेल्या डिसेंबरात त्याच्या अर्जात मासे लिहिले ते मीच.

गनीभाई दाभोळ खाडीच्या काठचा. इथं आखातात, जबल अलीच्या ज्या वखारीत मी कागदपत्रं बघतो, तिथं त्यानं बावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. रविवारी मात्र तो कुणाला सापडायचा नाही. सकाळीच गरी आणि दोरा घेऊन खोरवर, म्हणजे इथल्या खाडीवर, मासे गरवायला जायचा. शेरी नावाचे इथले दोन-चार मासे मिळायचे. 'आपल्या खाडीची चव नाही' असं म्हणत म्हणत तो ते सगळे संपवायचा.

मग वखार बंद होणार म्हणून नोटीस लागली. नोकरी सुटल्यावर मिळणारे सवलतीचे दिवस धरूनही गनीभाईचा व्हिसा जानेवारीअखेर संपत होता. त्याची मुलगी अफशा बारावीला, आणि तिची बोर्डाची परीक्षा मार्चात. बापाचा व्हिसा गेला की पोरीचाही जाणार. त्याची बायको, जहांआराभाभी, मला म्हणाल्या, "सतीशभाऊ, ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला गावाला नेऊन काय करू?" गनीभाईला फक्त मार्च गाठायचा होता.

त्याच आठवड्यात जाहिरात दिसली. वाळवंटातल्या एका शेडमध्ये थंड पाण्याच्या टाक्यांत सॅमन मासे वाढवणारी कंपनी दोन वर्षांच्या कंत्राटावर माणसं घेत होती. सॅमनचा अनुभव असल्यास प्राधान्य.

"सॅमन म्हणजे आपला रावस," गनीभाई म्हणाला. "मुंबईच्या हॉटेलात कार्डावर छापलेलं असतं, इंडियन सॅमन. गावच्या वाशिष्ठी नदीच्या काठावरून किती गरवलाय मी."

अफशानं पुस्तकातून डोकं वर न काढता सांगितलं, "अब्बा, इट्स अ डिफरंट फिश."

"तू खाल्लायस का कधी रावस? फ्रोझन नगेट्स खाणारी तू."

आम्ही दोघं हसलो. मी अर्जात इंग्रजीत लिहिलं: नदीकाठावरून सॅमन मासेमारीचा पंधरा वर्षांचा अनुभव. वाक्य इतकं झकास उतरलं की मी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मॅनेजर नॉर्वेचा, आणि स्वतः दर उन्हाळ्यात गावच्या नदीवर सॅमन धरायला जाणारा. त्याला परकारांच्या नदीबद्दल ऐकायची घाई झाली होती. दुभाष्या म्हणून मी सोबत गेलो. आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवावी तसं ते झालं.

"पाणी किती थंड असतं?" त्यानं विचारलं.

"वॉर्म, सर. इन मे, व्हेरी वॉर्म."

मॅनेजरनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "विच फ्लाय डू यू यूज?"

"मुंबईची, सर. मॉर्निंग."

"डायरेक्ट फ्लाइट," मी भर घातली. तिकडे गरीला पिसांची खोटी माशी बांधतात आणि तिला फ्लाय म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

मॅनेजरनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून हळव्या आवाजात म्हणाला, "बट दे ऑल्वेज गो बॅक होम, यस? टू द सेम रिव्हर?"

गनीभाईचा चेहरा पडला. "नो सर. नॉट नाउ. आफ्टर मार्च."

"मार्च?"

"डॉटर एक्झाम, सर. देन गो."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. कशाला डोलावली ते मला विचारू नका.

मग त्यानं आम्हाला टाकीपाशी नेलं. गनीभाई वाकला आणि वाकलेलाच राहिला. "याला मिशा कुठायत?" तो मला म्हणाला. रावसाच्या हनुवटीखाली म्हणे दोऱ्यांसारख्या मिशा असतात.

"गप्प बसा हो," मी पुटपुटलो. "इथं कापत असतील."

तो गप्प बसला नाही. सरळ उभा राहून म्हणाला, "सर, दिस फिश आय डोन्ट नो. माय सॅमन डिफरंट. सॉरी."

मला त्याचा असा राग आला की परतीच्या वाटेवर मी अर्धा तास बोललो नाही. पोरीचं वर्ष एका वाक्यात घालवलं होतं त्यानं. आणि ते वाक्य बोलायची वेळ माझ्यामुळे आली होती, याचा राग त्याहून जास्त. तो मात्र एकच विचारत होता, "मग कार्डावर सॅमन का छापतात, सतीशभाऊ?"

आठ दिवसांनी कंपनीची ईमेल आली. त्यांच्या घरी, सगळ्यांसमोर मी ती वाचली. गनीभाईला काम मिळालं होतं. टाक्या धुवायच्या, माशांना खाणं घालायचं. वखार बंद झाली तरी आमची कंपनी त्याचा व्हिसा एकतीस मार्चपर्यंत चालू ठेवून तोवर त्याला सॅमनवाल्यांकडे पाठवणार होती. भाभींनी "अलहम्दुलिल्लाह" म्हणत ओढणी डोळ्यांना लावली.

खाली मॅनेजरनं स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या: 'माशाबद्दल खरं बोललेला हा एकच उमेदवार, म्हणून दोन वर्षांची जागा मला यालाच द्यायची होती. पण मार्चनंतर त्याला आपल्या नदीकडे परत जायचं आहे. अशा माणसाला मी अडवणार नाही.'

"मला जायचंय असं मी कधी म्हटलं?" गनीभाईनं विचारलं.

"यू सेड मार्च, अब्बा?" अफशा म्हणाली.

"तोच विचारत होता ना, घरी परत कधी जाणार म्हणून."

आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "गनीभाई, तो माशांबद्दल विचारत होता. ते सॅमन जन्मलेल्या नदीत परत जातात म्हणे."

"मासे?" तो म्हणाला.

मी फोन काढला, मॅनेजरचा नंबर शोधला. "आत्ता सांगतो त्याला. गैरसमज झाला म्हणावं, खलास."

गनीभाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "नको. तुम्ही एक सांगाल, तो दुसरंच समजेल, आणि हा मार्चही जाईल."

"अहो, दोन वर्षं आहेत ती."

"तिचे पेपर होऊ द्या."

मी भाभींकडे बघितलं, अफशाकडे बघितलं. नंबर समोर दिसत होता, आणि गनीभाई माझ्या मनगटावरचा हात काढत नव्हता.