कमरेचा पट्टा

आठ हजार मीटरच्या शिखराकडे निघालेल्या आमच्या तुकडीत मराठी बोलणारा मी एकटाच. बेस कॅम्प सोडण्याआधी आमचा शेर्पा वाटाड्या, पासांगदाई (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ), प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा ओढून बघतो. या पट्ट्यालाच दोर अडकतो. बकल सुटलं तर माणूस गेला. आज माझ्यापाशी येऊन म्हणाला, “पेट अंदर, सर! घर का खाना अभी उतरा नहीं?” सगळे हसले. त्याने पट्ट्याला दोन हिसके दिले, खांद्यावर थाप मारली आणि पुढच्याकडे वळला.

मी तसाच उभा राहिलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रवेशाचे अर्ज, वसतिगृहाचे कागद, नोकरीचे फॉर्म सगळे मीच भरले आणि मीच तपासले. आईवडिलांनी कधी अडवलं नाही, हे त्यांचे उपकारच. पण कुठे चुकलंय का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. म्हणून असेल, दुसऱ्याने दिलेले ते हिसके मला अंगभर जाणवले.

सगळ्यांचं झाल्यावर पासांगदाईने स्वतःचा पट्टा स्वतःच ओढला.

“दाई, आपका कौन देखता है?”

“मैं ही. और कौन?”

मी जवळ गेलो. त्याने हात वर केले. त्यानेच शिकवल्याप्रमाणे मी बकल चाचपलं, पट्टा ओढला. सगळं ठीक होतं.

“बरोबर आहे,” मी मराठीतच म्हणालो. त्याला ते कळलं.

तरी त्याने हात लगेच खाली घेतले नाहीत.