शंभर बैठका

दुष्काळाच्या त्या साली मला पाचशे बैठका गाठायच्या होत्या. काष्टीच्या आमच्या तालमीतले वस्ताद एक बैठक चुकली तरी पोटरीवर छडी हाणायचे. त्या धाकानेच मी साडेतीनशेवर पोचलो होतो. एका सकाळी त्यांनी मला शंभरावरच थांबवलं.

"आजपासून एवढंच. ज्यादा काढशील तर भूक लागंल," ते म्हणाले.

मला राग आला. थांबलो म्हणून ज्यांनी वळ उठवले, तेच आता थांब म्हणत होते. मी रोज ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाऊन चोरून उरलेल्या बैठका काढायला लागलो. पंधरा दिवसांत पाचशे झाल्या.

त्या दिवशी जेवायला बसलो आणि रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खातच गेलो. हात थांबला तेव्हा टोपलं रिकामं होतं. आई आणि धाकटा भाऊ अजून जेवायचे होते. आईने टोपलं उचलून पालथं ठेवलं.

दुसऱ्या सकाळी शंभर झाल्या तेव्हा मला घामही आला नव्हता. मी थांबलो.