सुनेच्या लिलीची पानं

दुसऱ्याची वस्तू पुतळाबाईनं सांभाळायला घेतली आणि बिघडवून परत दिली, असं आमच्या बोनकोड्यात कुणी सांगणार नाही. त्यामुळं सून रंजिता बाळंतपणाला खांदेश्वरला माहेरी निघाली आणि जाता जाता बोलली, "आई, माझी पीस लिली मी घेऊन जाते. उगाच तुम्हाला टेन्शन नको," ते पुतळाबाईला टोचलं.

"का गो? माझ्याकडं मरल काय ती? तू पोर सांभाल, मी झाड सांभालतंय."

शब्द देऊन बसली. लिली हॉलच्या खिडकीशी राहिली. रुंद चकचकीत पानं, मधून एक पांढरं फूल. मे महिनाभर ती अशी फोफावली की मुलगा प्रीतम बेलापूरच्या ऑफिसात जायच्या आधी फोटो काढून बायकोला पाठवायचा. पुतळाबाई फोटोत हात तरी येईल अशी उभी राहायची.

पाऊस चांगला लागला आणि पानांच्या टोकांना तपकिरी रंग आला. आधी टोकं, मग कडा, मग एक पान अर्धं करपून पापडासारखं कडकड वाजायला लागलं. प्रीतमला फोटो काढायची बंदी झाली.

"ऊन लागलाय तिला," नवरा देवजी खुर्चीतून बोलला.

"आभाल बघितला का तुमी? ऊन कुठशी येल?"

तरी कुंडी आतल्या कोपऱ्यात गेली. फरक नाही. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी साताऱ्याची शकुबाई दळण घेऊन जाताना डोकावली. "आवो पुतळाबाई, पानी लई झालंया. मुळं कुजली असत्याल." मग पाणी कमी केलं. लिली मान टाकून बसली, म्हणून पुन्हा सुरू केलं. प्रीतमनं मोबाइलवर व्हिडिओ बघितला. "आये, हवा कोरडी पडते हिला. पानांवर पानी फवारायचं."

"कोरडी? घरातल्या भिंतींना घाम सुटलाय, चादरी वालत नाय, आनि हिला हवा कोरडी? त्या व्हिडिओवाल्याला सांग, बोनकोड्याला येऊन जा."

फोनवर रंजिता विचारायची, "लिली कशी आहे?" पुतळाबाई बोलायची, "तुझं पाय सुजलं काय ते सांग." पण फोन ठेवला की घास गोड लागत नव्हता. शब्द दिला होता ना.

एका सकाळी कुंडी पुसताना तिला मातीवर आणि काठाला पांढरा पापुद्रा दिसला. बुरशी समजून नखानं खरवडला. भुगा बोटावर चमकला. बुरशी कधी चमकते? पुतळाबाईचा बाप मिठागरात राबलेला. तिनं बोट सरळ जिभेवर ठेवलं.

"आवं, हा तं मीठ हाय!"

"कुंडीत मीठ कोन घालल?" देवजी.

घालणारी तीच होती. मासळी धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, ही आमच्याकडची रीत. परसातला कढीपत्ता त्यावरच छपरापर्यंत गेलेला. ताज्या मासळीच्या पाण्यावर लिलीही माजली. पण पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, ताजी मासळी संपली, डब्यातला खारवलेला बांगडा निघाला. खार उतरावा म्हणून तो पाण्यात भिजत ठेवायचा आणि तेच पाणी ती हाताला पडलेल्या सवयीनं लिलीच्या मुळाशी ओतत होती.

"मिठागरवाल्याची पोर," देवजी हसून हसून खोकला. "सुनेची लिली खारवायला घातली. आता तिचं कालवण करतंस काय?"

"हसा. पन पयला कुंडी उचला."

पुढचं तिला कुणी शिकवायला नको होतं. पूर्वी खाडीचा बांध फुटून भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं, की सासरा शेतात पावसाचं पाणी भरायचा, सोडून द्यायचा, पुन्हा भरायचा. तसंच तिनं केलं. खालची ताटली काढून कुंडी गच्चीवर विटांवर ठेवली. पाऊस वरून जात होता, खार घेऊन खालच्या भोकातून निघत होता. मधूनच ती माती जिभेला लावून बघायची. शकुबाईनं ते बघितलं आणि ती आल्या पावली जिना उतरली.

माती अळणी लागली तशी लिली घरात आली. नवी पानं सरळ निघाली, जुनी मात्र डागाळलेलीच. रंजिता यायच्या दिवशी प्रीतम कात्री घेऊन आला. "आये, कडा कापतो. तिला कलनार पन नाय."

"ठेव ती कात्री. मी काय चोरी केलीय?"

रंजिता लेकीला घेऊन आली. ओवाळून होतंय तोच पुतळाबाई बोलली, "पोरी, लिलीला मी खाऱ्या बांगड्याचा पानी घातला. पानं जलाली. झाड जगलाय. काय बोलायचा ता आताच बोल."

रंजितानं पानं उलटून बघितली, कुंडीजवळ वाकली आणि नाक धरून मागं सरली. "आई! हिला अजून वास येतोय!"

"पावसानं मीठ नेला. वास नाय नेला."

रंजिता हसत भिंतीला टेकली. "बाळाच्या खोलीत नको हां ही. तुमच्याकडेच राहू दे. मी असते तर पहिलं पान गेलं तेव्हाच फेकली असती."

"फेकली असतीस?" पुतळाबाईला हे पटेना. "आनि मी इथं रोज माती चाखतंय!"

तिनं बाळ देवजीच्या मांडीवर दिलं आणि कुंडी उचलून आपल्या पलंगाजवळच्या खिडकीत नेली.